धोट्याचा विटाळ आणि छातीतली धूळ

'प्रदूषण' हा शब्द अलीकडे आपल्याकडे मोठ्या प्रतिष्ठेने वावरू लागला आहे. परिसंवादांतून, पाठ्यपुस्तकांतून, मंत्र्यांच्या भाषणांतून तो कानावर पडतो. आणि तो उच्चारणारा प्रत्येकजण एक वाक्य हमखास जोडतो. हवेला जात नसते, हवा सर्वांची असते, म्हणून तिचे दुःखही सर्वांचे आहे. हे वाक्य ऐकायला गोड आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ते तपासून पाहावेसे वाटते.

इंग्रजी भाषेत विटाळाला आणि प्रदूषणाला शब्द एकच आहे. आपण मात्र दोन केले. एक जुना, उच्चारताना लाज वाटावी असा. दुसरा नवा, शास्त्रीय, दिल्ली-जिनिव्हाला चालणारा. दोन शब्द झाल्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, ही शंकाही आपल्या सुशिक्षितांच्या मनाला शिवत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र विटाळ आणि प्रदूषण ही दोन्ही एकाच छपराखाली, एकाच पाळीत शतकभर नांदली. विटाळाने ठरवले की कामगारांपैकी कोण कोठे उभा राहणार नाही. आणि जिथे तो उभा राहिला तिथल्या धुळीने त्याच्या छातीत घर केले. गिरणगावाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. त्यात भोंगा आहे, संप आहे, लाल बावटा आहे, लालबागचा गणपती आहे. धुळीची वाटणी मात्र नाही. त्या वाटणीविषयी हे टिपण आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा सगळा मुलूख चिमण्यांनी भरून गेला. या धुराची पहिली दखल कोणी घेतली असेल तर ती परळ सोडून जाणाऱ्यांनी! मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला परळला होता. १८८२ साली तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला, आणि त्या दशकात राज्यपालांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला, समुद्राच्या वाऱ्यावर गेले. रिकाम्या बंगल्यात १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. म्हणजे राज्यकर्ते गेले आणि रोगजंतू आले. ज्यांना जाता येत होते ते गेले. गिरणीच्या भिंतीला टेकलेल्या चाळीत राहणाऱ्याला जायला जागा नव्हती. भोंग्याच्या हाकेच्या टप्प्यात राहणे हीच त्याच्या नोकरीची अट होती.

सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. तो चिमणीतून निघणाऱ्या काळ्या धुरापुरता होता. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि काही चिमण्या थंडही झाल्या. शहराच्या डोळ्यांना दिसणारी घाण थोडी कमी झाली. गिरणीच्या आत जी हवा होती तिच्याकडे या कायद्याचे लक्ष नव्हते. ती हवा पांढरी होती. पांढऱ्या गोष्टीचा संशय येत नाही.

आता आत जाऊ. कापसाची गाठ गिरणीत येते ती पाला, बोंडाची टरफले, माती यांच्यासकट दाबलेली. ती फोडतात, मिसळतात, ब्लो-रूममध्ये झोडपतात, कार्डिंगमध्ये पिंजून तिचा पेळू करतात, मग तो पेळू ताणत ताणत रिंगखात्यात त्याचे सूत काततात. वाइंडिंग, मग ताणा, मग खळ. आणि सर्वांत शेवटी साचे, म्हणजे विणखाते. या प्रवासात धूळ सर्वांत जास्त असते ती सुरुवातीला, ब्लो-रूम आणि कार्डिंगमध्ये. सूतखात्यात ती कमी होते, पण तिथेही यंत्राच्या वाऱ्याने तूस सतत तरंगत राहते, चाती फिरत राहतात, धागा तुटतो तिथे वाकून नाक लावून सांधावा लागतो. विणखात्यापर्यंत पोहोचलेले सूत झाडलेले, खळीने बांधलेले असते. विणखाते म्हणजे काही नंदनवन नव्हते. साच्यांच्या खडखडाटाने तिथली माणसे बहिरी होत आणि सूत तुटू नये म्हणून कोंडलेल्या दमट वाफेत उभी राहत. पण कापसाची जी धूळ फुप्फुसाचे वाटोळे करते ती तिथे सर्वांत कमी, आणि मजुरी तिथे सर्वांत बरी. विणकराची कमाई रिंगखात्यातल्या माणसापेक्षा बरीच जास्त होती.

या विणखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते.

कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातली बाबीण संपली की नवी भरायची, आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकराने छिद्राला ओठ लावून धागा श्वासाने ओढायचा. तोच धोटा दुसऱ्या पाळीतला दुसरा माणूस तोंडाला लावणार. महाराच्या, चांभाराच्या थुंकीचा धोटा मराठ्याने किंवा मुसलमान विणकराने तोंडाला कसा लावावा? मुकादम आणि जॉबर भरती करीत. ते ही मर्यादा सांभाळत, आणि मालकाला कापड मिळण्याशी मतलब असल्याने तोही सांभाळू देत असे. यातला विनोद असा की विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. ज्यांच्या हातात वंशपरंपरेने माग होता त्यांना मुंबईत मागापाशी उभे राहण्याची बंदी.

विटाळाचे हे कारण तरी खरे होते काय? धोट्याला तोंड लावण्याच्या प्रथेवर परदेशातही आक्षेप होता, पण तो निराळ्या कारणाने. थुंकीतून क्षयाचा फैलाव होतो, या धास्तीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा तयार होते, विकत मिळत होते. मुंबईच्या गिरणी-मालकांनी यंत्रे विलायतेतूनच आणली. हवे असते तर धोटेही आणता आले असते. आणून पाहिले असते तर खरोखर अडचण थुंकीची होती की जातीची, हे एका महिन्यात कळले असते. म्हणून कोणी आणले नाहीत. जिथे थुंकीची भीती रास्त होती, तिथे ती रोगाच्या नावाने कोणी बोलले नाही; आणि जिथे ती निव्वळ अहंकार होती, तिथे तिला धर्माचे नाव मिळाले.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. संपाच्या मागण्यांचा मसुदा सतरा कलमांचा होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक सरळ प्रश्न ठेवला. तुमच्या मागण्यांत अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क का नाही? तो मान्य होत नसेल तर माझ्या माणसांनी तुमच्या संपात उपाशी का मरावे? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी हात झटकले: हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे म्हणणे पडल्याचे धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवले आहे. मालकांचे हे उत्तर धूर्त होते, पण अर्धे खरे होते, आणि ते अर्धे खरे असणे हीच आपल्या कामगार चळवळीची शोकांतिका होय. दहा वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच भाषणात विणखात्याचे उदाहरण पुन्हा द्यावे लागले. दहा वर्षांत दार उघडले नव्हते.

या प्रश्नाची चर्चा आजवर मजुरीच्या अंगाने झाली. विणखाते बंद म्हणजे चांगला पगार बंद, असे आपण लिहितो, आणि ते बरोबरच आहे. माझे म्हणणे त्याला एक पुरवणी जोडण्याचे आहे. विणखाते बंद म्हणजे कमी धुळीची जागा बंद. आयुष्याचा मोठा भाग ज्या हवेत जायचा ती हवा निवडण्याचा जो थोडाफार अवकाश बाकीच्या कामगाराला होता, तोही अस्पृश्याला नव्हता. आज सूतखात्यात, उद्या जॉबरला खूश करून साच्यावर, हा वर चढण्याचा जिना त्याच्यासाठी तळमजल्यावरच संपत होता. आमची बहुतेक माणसे रिंगखात्यात राहिली; झाडलोट, रद्दी कापूस वेचणे हीही कामे होतीच. घसा तुसाने कोरडा पडला की पाणी लागते. बऱ्याच गिरण्यांत पाण्याची सोयही अस्पृश्यांना निराळी होती, आणि निराळी म्हणजे कशी असते हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

इथे माझे डावे मित्र हरकत घेतात. ते म्हणतात, कार्डिंगमध्ये भैया होता, घाटावरचा मराठाही होता. धूळ सगळ्यांच्याच छातीत गेली. तुम्ही तिथेही जात आणता. हरकतीतला वस्तुस्थितीचा भाग मला मान्य आहे. सर्वांत घातक खात्यात केवळ अस्पृश्यच होते असे म्हणणे खोटे ठरेल. पण एखाद्या खात्यात कोण होते या प्रश्नाइतकाच त्या खात्यातून बाहेर कोण पडू शकत होते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या रोगात काळाचा हिशेब चालतो. पाच वर्षे धूळ खाल्लेला आणि तीस वर्षे धूळ खाल्लेला हे दोन निराळे रोगी आहेत. भैया आणि मराठा यांना निदान तत्त्वतः दार उघडे होते. त्यांतले किती जण त्या दारातून गेले हा पुढचा प्रश्न.

त्या रोगाविषयी आता सांगितले पाहिजे. १८३१ साली मँचेस्टरच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या जेम्स के या डॉक्टरने सूत कातणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन करून ठेवले. १८७७ मध्ये प्रूस्त या फ्रेंच वैद्याने त्याला बिसिनोसिस हे नाव दिले. म्हणजे मुंबईच्या गिरण्या भरभराटीला येण्याच्या आधीच हा रोग युरोपच्या ग्रंथांत होता. त्याची खूण फार विलक्षण आहे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले की दोन-चार तासांत छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. मंगळवारी ते कमी होते. आठवडाभर शरीर धुळीशी कसाबसा समझोता करते. कापसाच्या धुळीतल्या जंतूंच्या अवशेषांचे विष श्वासनलिकांना सूज आणते. विश्रांतीनंतर पुन्हा गाठ पडली की शरीर अधिक जोरात बंड करते. काही वर्षांनी मंगळवारही सोमवारसारखा होतो, मग बुधवार. आणि शेवटी सुट्टी असो नसो, माणूस जिना चढू शकत नाही. तेव्हा मात्र हा रोग जुनाट खोकल्यापासून ओळखून काढता येत नाही. क्ष-किरणाच्या फोटोत त्याची स्वतःची अशी काही खूण दिसत नाही. पुरावा म्हणजे पाळीच्या आधी आणि नंतर मोजलेला श्वास, आणि कामगाराने स्वतः सांगितलेली हकीकत.

या सोमवारच्या खुणेशी आपल्या चळवळीचे एक नाते आहे. मुंबईच्या गिरण्यांत आधी सोमवारच नव्हता, कारण रविवार नव्हता. आठवड्याची सुट्टी मागण्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. आणि १० जून १८९० रोजी गिरणी-मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी महिनामहिना न थांबता धुळीत राहणाऱ्याची छाती सुट्टीनंतरची म्हणून वेगळी आवळण्याचा प्रश्नच नव्हता. रोग होता, पण त्याला दिसायला फट नव्हती. लोखंड्यांच्या रविवारने ती फट पाडली. सोमवारी दम लागतो हे तेव्हापासून कामगारांना ठाऊक असणार. सांगितले असते तर ऐकायला कोण होते? गिरणीच्या दवाखान्यातला डॉक्टर सोमवारच्या गैरहजेरीचा अर्थ दारू असा लावीत होता, आणि गिरणीचा मॅनेजरही. सोमवारी कामावर न येणारा कामगार आळशी किंवा व्यसनी, ही समजूत इतकी पक्की झाली की आमच्यातल्या सुधारकांनीही तिच्यावर व्याख्याने दिली.

हीच समजूत फार पुढेपर्यंत टिकली. माझे आजोबा एका गिरणीच्या रिंगखात्यात सव्वीस वर्षे होते. संपाआधीच त्यांना दम्याने घरी बसवले. गावाकडून त्यांना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले, तेव्हाची हकीकत माझी आजी शेवटपर्यंत सांगत असे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबा, विडी किती ओढता?" आजी म्हणाली, "साहेब, दीक्षा घेतल्यापासून यांनी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घातलं नाही." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. तो कागद माझ्याजवळ आहे. त्यावर इंग्रजीत 'दमा, धूम्रपान' असे आहे. धंद्याच्या रकान्यात 'मजूर' असे लिहिले आहे. गिरणीचे नाव नाही, खात्याचे तर नाहीच. घरातला पहिला पदवीधर म्हणून तो कागद वाचण्याची पाळी माझ्यावर आली, इतकेच त्यात माझे.

हा 'मजूर' शब्द इतिहासाच्या साधनांत सगळीकडे असा आडवा येतो. आणि तरीही एके काळी या शहराने जातवार मोजदाद केली होती. १९१८ चा इन्फ्लुएन्झा हा श्वासाचाच रोग. जूनमध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यानंतर त्याने दुसरी, भयंकर लाट आणली. त्या वर्षी मुंबई शहरात युरोपियनांतला मृत्यूचा दर हजारी ८.३ होता, पारशांत ९.०, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९. आणि ज्यांना तेव्हाच्या अहवालांनी 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले, त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच साथ, एकच हवा. हवेला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे पाच आकडे घरात टांगून ठेवावेत. जंतू अर्थातच जात पाहत नव्हता. खोलीत किती माणसे झोपतात, खिडकी आहे की नाही, ताप आला तर पाळी बुडवता येते की नाही, शेजारची बाई पाणी आणून देईल की विटाळ मानील, हे सगळे त्या ६१.६ मध्ये आहे. ज्यांच्या छात्या आधीच तुसाने भरल्या होत्या त्यांचा वाटा त्यात किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पण प्रश्न विचारायला तर कोणी मनाई केली नव्हती.

चाळींचेही असेच. १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडात जन्मलेल्या मुलांचा मृत्युदर हजारी ८२८ असा नोंदला गेला. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात तो १३३ होता. या ८२८ बद्दल सावध राहिले पाहिजे. बाळंतपणासाठी बायका कोकणात, घाटावर जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मूल इथे आणल्यावर मेले तर मृत्यू इकडे. त्यामुळे आकडा फुगला आहे. तो निम्मा केला तरी उरते ते पुरेसे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या, आणि चाळी बांधल्या. अशाच परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब सुमारे वीस वर्षे राहिले, तेव्हा बॅरिस्टर होऊन आल्यावरही. विणखात्याचा प्रश्न त्यांना ग्रंथातून कळला नव्हता. रात्रपाळीवरून परतणाऱ्यांचा खोकला त्यांच्या भिंतीपलीकडे होता.

क्षयाची गोष्ट निराळी आणि तरी हीच. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की गिरणगावातला प्रत्येक जुना खोकला क्षयाच्या खात्यात जमा होऊ लागला. क्षय गिरणगावात होताच, भरपूर होता. कोंदट खोली आणि उपासमार असताना तो का नसावा? पण क्षय म्हटले की दोष जंतूचा, खोलीचा, थुंकण्याच्या सवयीचा, म्हणजे अंती रोग्याचा. बिसिनोसिस म्हटले की दोष गिरणीचा, आणि गिरणीने पैसे द्यायचे. निदानाच्या या दोन शब्दांत नुकसानभरपाईचे अंतर होते. इंग्लंडमध्ये १९४० नंतरच्या दशकात सूतगिरणीच्या कामगारांना या रोगाची भरपाई मिळू लागली. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात धूळ काढून टाकण्याचे कलम आले, भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा रोगही आला. पण परिशिष्टातून तो रोग्याच्या कागदावर उतरेना. अमेरिकेने १९७८ साली सूतखात्यातील धुळीची मर्यादा घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम अशी ठरवून टाकली. आपल्या गिरण्यांत तेव्हा धूळ मोजण्याचे यंत्र पाहिलेला कामगार शोधून सापडला नसता.

वैद्यकाला सर्वस्वी दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार आणि एक खेडे अशी निवड करून हजारो माणसांचे श्वास तपासले. धुराड्यांच्या भागांत खोकला आणि दम्याच्या तक्रारी जास्त हे आकड्यांनिशी मांडले. गिरणी कामगारांच्या बिसिनोसिसचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांच्यासारख्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला आणि कामगारांच्या भरपाईसाठी खटपट केली. ही कामे मोलाची आहेत. पण या कामांना पाय फुटेपर्यंत पायाखालची गिरणीच सरकली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आले. धूळ मोजायला जागा उरली नाही, आणि तीस वर्षे धूळ खाल्लेले लोक आपापल्या छात्या घेऊन दापोलीला, सातारला, जुन्नरला गेले. सरकारदरबारी त्यांच्या घरांचा प्रश्न आहे. सोडतीत काहींना घरे मिळालीही. त्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न कोठल्याच सोडतीत नाही.

मग धूळ संपली काय? ती पूर्वेला सरकली. मुंबईचा वारा बहुतेक काळ समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो, आणि शहर आपले नकोसे ते सारे वाऱ्याच्या दिशेने पूर्वेला लोटत आले आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. १९५० च्या दशकात तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून तिथली माणसे चिता कॅम्पला टाकली. शहराच्या मध्यभागी जी जी वस्ती उठली तिचा मोठा हिस्सा गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द या बाजूला गेला. आणि तिथे कोण राहतात ते पाहायला जनगणना लागत नाही, एखाद्या सकाळी गोवंडी स्टेशनवर उभे राहिले तरी पुरे. दलित आणि मुसलमान. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला, तेव्हा त्याचा धूर दूरवर पसरला आणि मग दूरदर्शन संचांवर प्रदूषणाची चर्चा झाली. शिवाजीनगरला तो धूर नवा नव्हता.

माहुलचे प्रकरण तर ताजे आहे. के.ई.एम.च्याच डॉक्टरांनी २०१३ साली माहुल-अंबापाडा भागात पाहणी केली, तीत निम्म्याहून अधिक लोकांनी वारंवार दम लागत असल्याचे सांगितले. हरित न्यायाधिकरणाने २०१५ च्या डिसेंबरात ती हवा घातक मानली. त्यानंतर, होय, त्यानंतर, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठवण्यात आले. लोक रस्त्यावर बसले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या हवेत राहायची सक्ती कोणावर करता येणार नाही, पर्यायी घर द्या किंवा भाडे द्या. विणखात्याच्या बंदीत निदान धोट्याचे निमित्त तरी होते. इथे निमित्ताचीही गरज पडली नाही. यादी तयार होती, इमारती रिकाम्या होत्या. आणि १९१८ च्या इंग्रज आरोग्य अधिकाऱ्याने जे केले तेही आता होत नाही. हवेची यंत्रे चौकाचौकांत बसली आहेत, दर तासाला आकडा येतो. कोणाच्या नाकाशी तो आकडा आहे याची नोंद एकाही यंत्रात नाही. जात विचारणे वाईट, असे आपण ठरवले. जात पाहून घर देणे मात्र थांबले नाही.

हे सगळे सिद्ध करायचे तर साधने लागतात, आणि ती सरकारी दप्तरात नाहीत. गिरण्यांची दप्तरे कोठे भंगारात गेली, कोठे पावसात भिजली. म्हणून गेली तीन वर्षे माझ्या महाविद्यालयातले काही विद्यार्थी आणि मी जुन्या कामगारांच्या घरी जातो. आम्ही चारच गोष्टी विचारतो. कोणत्या खात्यात, किती वर्षे? खाते बदलून मागितले होते काय, आणि मुकादम काय म्हणाला? छाती आवळायची ती कोणत्या वारी? दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण क्षणभर थांबतात, कारण हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते. आणि मग घरातली म्हातारीच आधी उत्तर देते. ज्यांच्या घरी आजोबांचे गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड किंवा दवाखान्यातून सोडल्याचा कागद असेल त्यांनी तो फेकू नये. तिकिटावर खात्याचे नाव असते. त्याची नक्कल या नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद घरीच ठेवावा.